वाकड्या शेपटीची बदली

कप हलला तेव्हा वासुदेव चुरींना आधी वाटलं, भूकंप. त्या हिवाळ्यात डहाणूत कुठलीही वस्तू आपणहून हलली की माणसाला आधी तेच वाटायचं. दिवाळीपासून तलासरीच्या बाजूनं जमीन अधूनमधून अंग झटकत होती. पंखा लचकला, कपाटाचं दार करकरलं, बशीत चमचा वाजला की सगळी बिल्डिंग श्वास धरायची, मग जिन्यातून कोणीतरी विचारायचं, "झाला का?" आणि वरून उत्तर यायचं, "नाय, ट्रक होता." चुरी चष्मा आणायला आत गेले होते. परत येताना गॅलरीच्या दारात त्यांनी नियमाप्रमाणे चौकट धरली. कप पुन्हा हलला. पण समोरचा ताड स्थिर होता, खाली रोशनची स्कूटर स्थिर होती, आणि चौकट तर तहसील कचेरीतल्या फायलीइतकी स्थिर होती. तेव्हा त्यांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांच्या वेताच्या खुर्चीत लाल तोंडाचं माकड रेलून बसलं होतं. एक हात खुर्चीच्या हातावर, दुसरा चहात. चहात बुडून तळाशी गेलेलं बिस्किट ते शोधत होतं. चुरी स्वतः ते असंच शोधत, फक्त चमच्यानं. माकडानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, जेवणाच्या सुट्टीत अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे कारकून पाहतो तसं. ही नजर चुरींनी नोकरीभर स्वतः वापरली होती. ती समोरून आल्यावर कशी लागते, हे त्यांना निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी आज कळलं.

माकड गॅलरीत येण्यात नवल नव्हतं. नवल होतं शेपटीचं. ती टोकापाशी काटकोनात वाकलेली होती, जुन्या छत्रीच्या मुठीसारखी, आणि तशी शेपूट सबंध डहाणूत एकच होती. किंबहुना ती डहाणूत नव्हतीच. तिला चुरींनी आपल्या डोळ्यांनी पिंजऱ्यात बसून टेम्पोतून तलासरीला जाताना पाहिलं होतं. फाटकाशी सगळी सोसायटी उभी होती, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि संयोजक या नात्यानं चुरींनीही हात हलवला होता. तो निरोपाचा की आशीर्वादाचा हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नव्हतं. आता ती शेपूट त्यांच्या खुर्चीतून खाली लोंबत होती आणि लोंबता लोंबता घड्याळाच्या लंबकासारखी जराशी हलत होती. रविवारी सोसायटीच्या सभेत मनिषभाईंना हे कळलं म्हणजे संपलं, एवढंच त्यांच्या मनात आलं. आणि त्यामागोमाग, घाणीच्या वासासारखा, एक जुना वैताग आला. हे सगळं आपल्याच गळ्यात का?

गळ्यात का, ते त्यांना माहीत होतं. बोलल्यामुळे. 'सिंधुछाया' सोसायटीतून सिंधू दिसत नाही आणि छाया तर बिल्डरनं झाडं तोडली तेव्हाच गेली. पण त्या सोसायटीच्या गच्चीवर जानेवारीत सभा भरली तेव्हा प्रश्न खरा होता. तळमजल्यावरच्या रोशनची लहानगी जिना चढत होती, वरून वाकड्या शेपटीचं माकड उतरत होतं, दोघं वळणावर समोरासमोर आली. ते दात विचकून कठड्यावरून गेलं आणि पोर पायऱ्यांवरून खाली. हनुवटीला टाके पडले. रोशन रेल्वेच्या सिग्नल खात्यात, एरवी हसरा गडी. त्या दिवशी त्याचा आवाज चिरका झाला होता. "काका, उद्या डोळ्याला लागलं असतं तर? मारा नाहीतर काही करा, मला ते नको." सेक्रेटरी मनिषभाई, चिकूच्या पेट्यांचा धंदा, मराठी गोड आणि थोडी गुजरातीच्या वळणाची, ते म्हणाले, "मारायचं नाव पण काढायचं नाय. आपण मारुतीला मानतो. खाली दोन केळी ठेवायची, त्याला जरा औषध लावायचं, बस. मग त्याची मरजी." विष हा शब्द कोणी उच्चारला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, कारण मरजी माकडाची होती. आणि तिथं चुरींच्या तोंडून निघून गेलं, "औषध कोणाच्या तब्येतीसाठी, मनिषभाई? माकडाच्या की मारुतीच्या?" गच्ची हसली. मनिषभाई हसले नाहीत. जेव्हा जेव्हा चुरींच्या वाक्याला सगळे हसले आणि एक जण हसला नाही, तेव्हा तेव्हा त्या एका जणाकडून त्यांना काम आलं होतं. "तर मग काका, तुम्हीच करा न मारता. संयोजक तुम्ही."

चुरींना प्राण्यांचा कळवळा नव्हता. कुत्र्याला ते रस्ता देत, मांजराला देत नसत. पण संयोजक झाल्यावर माणसाला काही करावं लागतं. रोशननं मोबाइलवर काळ्या तोंडाच्या वानराचा खोकल्यासारखा आवाज उतरवून घेतला. लाल तोंडाचं माकड म्हणे त्याला भितं. गच्चीत स्पीकर लावला. आवाजानं गल्लीतली सगळी कुत्री बोंबलू लागली, समोरच्या बंगल्यातल्या आजोबांचं बीपी चढलं, आणि वाकड्या शेपटीनं स्पीकरच्या मागे जाऊन पाहिलं, आत कोणी नाही म्हटल्यावर त्याची वायर तेवढी तोडून घेतली. मग बाजारातून रबरी साप आणून जिन्याच्या कठड्यावर ठेवला. माकड त्याच्याशेजारी बसून ऊन खात राहिलं, आणि गॅसवाला सिलिंडर जिन्यातच सोडून पळाला. शेवटी तलासरीकडच्या कुठल्याशा पाड्यावरचा चिमण नावाचा पिंजरेवाला सापडला. परवानगी मनिषभाईंनी मिळवली. कुठून, ते विचारायचं नसतं. चिमणनं पिंजऱ्यात शेंगदाणे टाकले आणि वाकडी शेपूट इतक्या सहज आत गेली की चुरींचा तिच्याविषयीचा आदर थोडा कमीच झाला. टेम्पो सुटल्यावर मनिषभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा मार्ग झाला, काका. आता जर परत आला, तर मग माझा मार्ग." आणि हसून म्हणाले, "केळी मीच आणेन."

माकडानं बिस्किटाचा शेवटचा लगदा चाटला, खुर्चीतून उतरलं आणि गॅलरीच्या कठड्यावरून, जिच्यावर चुरींना पाय टाकण्याची कल्पनाही करवत नाही अशा बोटभर पट्टीवरून, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेलं. चुरी ओरडणार होते. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण खिडकीतून बायकोचा, वसुमतीबाईंचा आवाज आला.

"आलास? कुठं होतास रे इतके दिवस?"

कुस्करलेल्या भाकरीचा वास आला. मग पुन्हा आवाज.

"तलासरीला नेलं होतं ना तुला? बघ किती वाळलास. तिथलं पाणीच तसलं. आमच्या ह्यांना पहिल्या वर्षी खरूज झाली होती. शनिवारी यायचे, सगळं अंग कराकरा खाजवायचे, आणि मी काही विचारलं की म्हणायचे, काही झालं नाही. झालं नाही तर खाजवता कशाला? हं, तू पण खाजवतोयस. घे. सावकाश घे, कोणी घेऊन जात नाही."

चुरी कठड्याला धरून उभे राहिले. भूकंप झाला असता तर बरं झालं असतं, निदान काय धरायचं ते ठरलेलं असतं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. रोज सकाळी ते पेपर वाचत असताना स्वयंपाकघरातून येणारा, लांबलचक, चढउतारांचा, मध्येच हसणारा. त्यांची पक्की समजूत होती की ती रश्मीशी फोनवर बोलते. मुलगी वापीला दिलेली, आई मुलीशी बोलते, चांगलं आहे, म्हणून ते पेपरातलं पान उलटत. कधी एखादं वाक्य आपल्याकडे आल्यासारखं वाटलं तर खबरदारी म्हणून "हं" म्हणत. आता त्यांना आठवलं की वसुमतीबाईंचा फोन सकाळी बाहेर टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला असतो. रोज असतो. ते रोज त्याच्यावरून चष्मा उचलतात. म्हणजे ती गोष्ट समोर होती, दिसत होती, आणि आपण ती टेबलासारखी, कॅलेंडरसारखी धरून चाललो होतो. आत वसुमतीबाई गुडघ्याविषयी सांगत होत्या. गुडघा? कुठला गुडघा? चुरींना गुडघ्याचं काहीही माहीत नव्हतं. माकडाला बहुधा मागची हकीकत ठाऊक होती, कारण त्या मधूनच सुरुवात करत होत्या.

खरूज मात्र त्यांना आठवली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, मग कमरेला. तलासरीत हायवेच्या अलीकडे एका गोडाऊनच्या माडीवर त्यांनी खोली घेतली होती; खाली गवताच्या गंज्या, वर पत्रा, रात्रंदिवस मुंबई-अहमदाबाद ट्रकांचा घरघराट, इतका की त्यात स्वतःचं खाजवणं ऐकू येत नसे. पहिली बदली एका निरोप समारंभातल्या भाषणामुळे झाली. साहेबांच्या कार्यक्षमतेविषयी ते जे बोलले त्याला कचेरी हसली आणि साहेब हसले नाहीत. आठवड्यात तलासरी. आदेशात 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलं होतं, आणि तलासरीच्या साहेबांनीही काही दिवसांनी तेच लिहून त्यांना डहाणूला परत पाठवलं. मग पुन्हा डहाणूनं तलासरीला. सरकारात कोणाला मारत नाहीत. फार माणुसकीचं खातं. नको झालेला माणूस उचलून शेजारच्या तालुक्यात सोडतात, आणि शेजारचा तालुका त्याला उचलून परत आणतो, आणि दोन्हीकडे मधल्या काळात लोकांना वाटतं की प्रश्न सुटला. अंतर काही फार नव्हतं. रोज ये-जा करता आली असती. करत नव्हते. त्याला कारण बस आहे, असं ते सांगत. वसुमतीबाई कधी "कुठली बस?" असं विचारत नसत. त्यांनी तेव्हापासूनच स्वयंपाकघरात एकटीनं भाकऱ्या करायला सुरुवात केली असणार, आणि खिडकी तेव्हाही तिथंच असणार. फक्त बाहेर तेव्हा कावळा असेल, किंवा कोणी नसेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पायात चपला घातल्या. "तलासरीला जाऊन येतो."

वसुमतीबाईंनी पिठाचा हात न काढता वर पाहिलं. "का? परत बदली झाली?"

"काम आहे."

"तुम्हाला?" एवढंच म्हणून त्या पुन्हा परातीकडे वळल्या. खिडकी सताड उघडी होती. बाहेर कोणी नव्हतं, आणि कोणी नाही हे दाखवण्यासाठी बाई जरा जास्तच सरळ उभ्या होत्या.

एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली आणि तिचा वैताग आला. बाहेर पाहिलं की सगळं आठवायला लागतं. माड-ताड मागे पडले, चिकूच्या वाड्या मागे पडल्या, मग रस्ता चढणीला लागला आणि पळस दिसू लागले, पानं नाहीत, नुसती लाल फुलं. पाड्यांवर घरांच्या शेजारी निळ्या ताडपत्र्यांचे तंबू होते. धक्क्यांच्या भीतीनं लोक अजून बाहेरच झोपत होते. घरं आत रिकामी आणि माणसं अंगणात. आपल्या घराला कोणी इतकं कसं भिऊ शकतं, असं चुरींच्या मनात आलं, आणि मग वाटलं, आपण नाही का गोडाऊनच्या माडीवर झोपत होतो? हा विचार त्यांना आवडला नाही. त्यांनी तो कंडक्टरवर काढला. "अहो, ही बस चालते की विचार करत जाते?" कंडक्टर हसला. ड्रायव्हर हसला नाही. बस आणखी सावकाश झाली.

चिमण हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीपाशी सापडला. टेम्पो सावलीत उभा, मागे पिंजरा, पिंजऱ्यात दुसरंच एक माकड, पाठीवर पोर घेऊन, तोंड वळवून बसलेलं. चिमणनं चुरींना पाहून बाक पुसला.

"या साहेब, बसा. च्या घ्या."

"चहा राहू दे. वाकडी शेपूट परत आलीय."

"आली?" चिमणचा चेहरा उजळला. गावचा पोरगा परीक्षा पास झाल्यासारखा. "बराबर घरी आली? म्या नरपडला सुरूच्या बनात सोडली तिला. लई हुशार."

चुरींना क्षणभर वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू सोडलीस? परत? डहाणूत?"

"मंग? इथं सोडली तर इथल्या लोकांनी बोंब मारली. पोष्टात शिरली, कागद फाडले. मला म्हणले, चिमण, मारू नको, पाप लागंल, लांब सोड. तलासरीपासनं लांब म्हंजे डहाणूच ना, साहेब."

"आणि डहाणूपासून लांब म्हणजे तलासरी."

"हां! समजलं तुमाला." त्यानं पिंजऱ्याकडे हात केला. "ही इथली. आज तुमच्याकडं. टेम्पो रिकामा नेला तर परवडत नाय. रिटर्न भाडं लागतंच."

"अरे, जंगलात सोड ना, गाढवा!"

"कुठल्या जंगलात? जंगलात माझा पाडा हाय. तिथं रूपीनं काकड्या लावल्यात." रूपी म्हणजे त्याची बायको असावी, तिचं नाव घेताना त्याचा आवाज बदलला, साहेबाचं नाव घेतल्यासारखा. "तिनं मला पिंजऱ्यात घालून उंबरगावला सोडला असता."

चुरी बाकावर बसले. ओरडायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. पण ओरडायचं कोणावर? या माणसानं कोणाला मारलं नव्हतं. डहाणूनं मारलं नव्हतं. तलासरीनं मारलं नव्हतं. सगळे इतके दयाळू होते की एक टेम्पो सारखा धावत होता. पिंजऱ्यातल्या माकडिणीनं मान वळवून पाहिलं, आणि पोरानंही पाहिलं, आईच्या काखेतून. चुरींनी चहा घेतला. कपात बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं.

"पण मला सांग," ते शेवटी म्हणाले, "नरपडला सोडलीस. तिथून आमची बिल्डिंग किती लांब. मध्ये वाड्या, चिकू, आंबे, सगळं. ती सगळं सोडून आमच्याच घरी का आली?"

चिमणनं त्यांच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले. मग म्हणाला, "तुमाला ठाव असंल, साहेब."

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीकडे पाठ केली. ठाव होतंच. भाकरी. माकड जिन्यात आलं, कारण ते तिसऱ्या मजल्यावर यायचं. तिसऱ्या मजल्यावर यायचं, कारण तिथं एक खिडकी होती. म्हणजे रोशनच्या पोरीच्या हनुवटीचे टाके खिडकीपर्यंत जात होते. हे सोसायटीत सांगितलं तर वसुमतीबाई गुन्हेगार. न सांगितलं तर रविवारी केळी, आणि केळी खाऊन ते मरायला कुठं येणार? जिथं रोज येतं तिथंच. खिडकीच्या पट्टीवर. चुरींना ते दिसलं, परातीच्या वर, भाकरीच्या वाफेच्या पलीकडे, आणि त्यांनी सीटचा दांडा धरला. कंडक्टरनं विचारलं, "काका, झाला का?" "नाही," ते म्हणाले, "खड्डा होता." मार्ग एकच होता आणि तो कोणत्याही तालुक्यात जात नव्हता. खिडकी बंद करायला हवी. ते वसूला सांगायला हवं. सांगायचं म्हणजे बोलायला हवं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी बोलण्याला जे जे पर्याय शोधले होते, पेपर, विनोद, बस, 'हं', त्यांतला एकही इथं चालण्यासारखा नव्हता.

तरी त्यांनी विनोदानंच सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "तलासरीहून निरोप आहे. पाणी अजून तसंच आहे म्हणे."

वसुमतीबाई भाकरी थापत होत्या. हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले, पण आवाज बदलला, थपथप अडखळू लागली. "कधी कळलं तुम्हाला?"

"काल."

"बरंच लवकर." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाणी फिरवलं. "रोशनची पोरगी पडली त्या दिवसापासून मला घास जात नाही. तिच्यासाठी शिरा करून नेला, तिच्या आईनं माझाच हात धरून रडून घेतलं. तरी दुसऱ्या दिवशी उघडली खिडकी. सवय लागते हो."

"त्याला."

"मला."

चुरींनी चौकट धरली. "मनिषभाईंनीही शेपूट पाहिलीय. रविवारी केळी आणतायत."

"ठाऊक आहे. त्यांच्या बायकोनं मलाच विचारलं, कुठली आवडतात म्हणून. वेलची की मोठी." बाईंनी भाकरी उलटली. "मी म्हटलं, मला काय माहीत." आणि मग, तव्याकडेच बघत, "बंद करू?"

"करायला हवी."

"आणि मी काय करू इथं? तोंडाला कुलूप लावून थापत बसू?"

"माझ्याशी बोल की."

"तुम्ही हं म्हणता."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो काही म्हणत नाही," वसुमतीबाई म्हणाल्या. "तो बसतो."

खिडकीची कडी गंजलेली होती. ती कधी लावलेलीच नव्हती. चुरींनी खलबत्त्यातला बत्ता घेऊन ती ठोकली; कडी बसली तेव्हा वसुमतीबाईंनी तोंड फिरवलं आणि मिठाची बरणी उगाच पुसायला घेतली. वाकडी शेपूट नेहमीच्या वेळेला आली. काचेवर आधी बोट लावलं, मग नाक. मग बोटांनी टकटक केलं, पाहुण्यासारखं. वसुमतीबाई पाठमोऱ्या, पीठ मळत होत्या. परात ओट्यावर आपटत होती, आपटत होती. दुसऱ्या दिवशी टकटक जोरात झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी काचेवर सबंध पंजा बसला आणि काच थरथरली, आणि खालून कोणीतरी ओरडलं, "झाला का?" चुरी पेपरमागे बसून राहिले. स्वयंपाकघरातून एक शब्द येत नव्हता. तो आवाज घरात किती जागा व्यापत होता, ते आता कळत होतं. फ्रिजची घरघर, नळाचा थेंब, सगळं उघडं पडलं होतं. पेपरातली एक ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत होते आणि ती प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी संपत होती.

शनिवारी सकाळी ते चष्मा घ्यायला आत गेले आणि बाहेर आले तर ते पुन्हा खुर्चीत होतं. हात कपात. चुरींचा संताप इतका वाढला की तो शेवटी थंड झाला. वसूनं खिडकी लावली, रोज पाठ फिरवून उभी राहिली, आणि आपण? आपण रोज कपाच्या तळाशी बिस्किट सोडून, खुर्ची मांडून, चष्मा आणायला आत जात होतो. त्याला दुसरं घर लागतच नव्हतं. ह्याच घरात त्याला दोन दरवाजे होते, आणि दुसऱ्यावर पहारेकरी स्वतः संयोजक. उद्या रविवार. "ऊठ," ते म्हणाले. माकड उठलं नाही. "अरे ऊठ म्हणतो ना! प्रशासकीय कारण आहे, गाढवा, तुला नाही कळायचं." त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि ती माकडासकट तिरकी केली. क्षणभर दोघांचीही तोंडं अगदी जवळ आली; चहाचा आणि केसांचा उबट वास, पिवळे डोळे, त्यांत राग नाही, भीती नाही, केवळ विचारणा. चुरींनी विचारणेचं उत्तर दिलं नाही. खुर्ची आणखी तिरकी केली. ते कठड्यावर उडी मारून बसलं. चुरींनी खुर्ची घरात ओढली, कप घेतला, चटई घेतली, कोपऱ्यातली बिस्किटांची चुरी फडक्यानं पुसली, आणि गॅलरीचं दार लावलं. काचेतून पाहिलं. गॅलरीत आता काही नव्हतं, कठडा आणि त्यावर ते. ते बराच वेळ बसून राहिलं. रिकाम्या जागेकडे पाहत राहिलं, शेपूट लोंबत ठेवून. मग उठलं, ताडावर गेलं, ताडावरून समोरच्या कंपाउंडवर, आणि नरपडच्या बाजूला दिसेनासं झालं. शेपूट शेवटपर्यंत ओळखू येत होती.

रविवारी मनिषभाई केळी घेऊन गच्चीत बसले. माकड आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आलं नाही, आणि रोशनच्या बायकोनं नरपडच्या रस्त्यावर त्याला बदामाच्या झाडावर पानं ओरबाडून खाताना पाहिलं, तब्येत बरी होती म्हणाली. केळ्यांना औषध अजून लावलं नव्हतं. ती पोरांनी वाटून खाल्ली; हनुवटीवर पांढरी रेघ असलेल्या पोरीनं सर्वांत जास्त. सोसायटीच्या सभेत एकमतानं ठरलं की रबरी सापाचा उपयोग झाला. चुरींच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. सगळे हसले असते. त्यांनी ते गिळलं, आणि त्यामुळे त्यांना पोटात दिवसभर जड वाटलं.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी खुर्ची आत आणल्यावर ती ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. बाहेरच्या खोलीत सोफ्यामुळे जागा नाही. झोपायच्या खोलीत कपाट उघडत नाही. चुरींनी ती दोनदा उचलली, तीनदा ठेवली, आणि शेवटी वैतागून स्वयंपाकघरात नेली आणि बंद खिडकीपाशी भिंतीला टेकवली. मग उभे राहणं विचित्र दिसायला लागलं म्हणून बसले.

वसुमतीबाईंनी तव्यावरून नजर उचलली. "इथं काय?"

"गॅलरी बंद केलीय."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, गंजलेल्या कडीकडे पाहिलं. भाकरी फुगली, उतरली. दुसरी थापली. चुरी वाट पाहत होते आणि पाहतोय हे दिसू नये म्हणून स्वतःचे तळवे बघत होते. तिसऱ्या भाकरीला बाई तव्याला उद्देशून म्हणाल्या, "त्या डॉक्टरकडं परत जायला नको मला. त्या दिवशी मेला गुडघ्याला हात न लावताच म्हणतो, वय झालं. मी म्हटलं, दुसऱ्या गुडघ्याचंही तेवढंच वय आहे, तो का नाही दुखत?" चुरींना हसू आलं. वाक्य चांगलं होतं. ते आपल्याला सुचायला हवं होतं. कुठला डॉक्टर, कधी, कोणाबरोबर गेली होतीस, हे सगळं विचारावंसं वाटलं, आणि त्याहून आधी, चाळीस वर्षांच्या सवयीनं, घशातून 'हं' वर आला. त्यांनी तो दातांशी अडवला. गप्प राहणं इतकं अवघड असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. हातांचं काय करावं कळेना, आणि पाठीत, नेमकी जिथं बोट जेमतेम पोचतं तिथं, खाज सुटली. त्यांनी हात मागे नेला आणि कराकरा खाजवलं.

वसुमतीबाईंनी वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डॉक्टरच्या कंपाउंडरवर येत, बोलणं न थांबवता, त्यांनी गरम भाकरीचा अर्धा तुकडा मोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला.